अंघोळीचं पाणी

आमच्या पुंडलिकनगरात एरवी सकाळी भेटलेलं माणूस ‘जय भीम’ म्हणतं नाहीतर ‘राम राम’ म्हणतं. पाण्याच्या दिवशी मात्र सगळ्या गल्लीचा एकच मंत्र असतो, “आलं का?” ज्यांचा जन्म रोज नळ वाहणाऱ्या गावात गेला, त्यांना यातली तगमग सांगून कळायची नाही. पाणी येणार म्हणून बायका कामाला दांडी मारतात, लग्नाच्या बैठकी पुढं ढकलतात. मी वाळूजला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. दिवसभर दुसऱ्याचं पाणी तपासायचं आणि घरी येऊन अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायची, असा माझा संसार.

घरचं पाणीखातं सम्यककडे होतं. हा माझा धाकटा भाऊ. शाळेत असल्यापासून तो पाण्याच्या दिवशी नळाजवळच अंथरूण टाकायचा. पाईपात हवेची फुसफुस सुरू झाली की उठायचा आणि हंडे, टाकी, सगळं भरून झालं की शेवटी मागच्या अंगणातला मोठा निळा ड्रम भरायचा. त्या ड्रमला त्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. मी वयानं मोठी, कमावती. पण केस धुवायला एक बादली जास्त घेतली की हे बारकं पोरगं बाहेरून न्हाणीचं दार बडवायचं.

मोठा होऊन तो बी.एस्सी. झाला, फिजिक्स घेऊन, पहिल्या वर्गात. पप्पांना वाटलं, आता बी.एड. करील. पप्पा म्हणजे राजकुमार सर. विज्ञानाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, पण खरी नोकरी त्यांनी सुट्टीच्या दिवशी केली. गंगापूर तालुक्यातली गावं पालथी घालून बुवाबाबांचे चमत्कार ते लोकांसमोर करून दाखवायचे. जिभेवर कापूर पेटवायचे, नारळातून कुंकू काढायचे आणि मग त्यामागचं रसायन समजावून सांगायचे. बावीस प्रतिज्ञा आमच्या घरात पाढ्यांच्या आधी पाठ झाल्या. श्राद्ध नाही, पिंड नाही, भूत नाही, देवाचा अंगारा नाही.

सम्यक म्हणाला, “मला वर्गात उभं राहून शिकवायला जमणार नाही, पप्पा. मला पळायला आवडतं.” तो विद्यापीठाच्या डोंगराकडे पहाटे पळायला जायचा, तिथंच फौजेचं खूळ डोक्यात शिरलं. घरात आठवडाभर कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग तो भरती झाला आणि आम्ही सगळे एकदम त्याचा अभिमान बाळगू लागलो. घरं अशीच असतात.

फोन आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “पाणी आलं का?” मग हसायचा. त्यांच्या चौकीच्या खाली एक नाला होता, बर्फाचा. “दात बधिर होतात, ताई. आणि कुणाची पाळी नाही, कुणाचं भांडण नाही. नुसतं वाहतंय.” त्याला ते वाहून जाणारं पाणी बघवत नसे.

गेल्या मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या. टीव्हीवरची माणसं लग्नात नाचल्यासारखी नाचत होती, म्हणून आईनं टीव्हीची वायरच काढून ठेवली. आणि एका सकाळी फौजेचा फोन आला, पप्पांनी तो उचलला आणि “हो सर, हो सर” म्हणत खाली बसले.

पेटी आली ती झाकण ठोकून. सोबतच्या अधिकाऱ्यानं पप्पांना बाजूला घेतलं, काहीतरी सांगितलं, पप्पांनी मान हलवली. आईला कुणी विचारलं नाही. याचा मला आजही राग आहे.

आमच्यात काय किंवा शेजारी काय, माणूस गेलं की आधी त्याला अंघोळ घालतात. त्यात धर्म नाही, पोथी नाही. शेवटचं स्वच्छ करून पाठवायचं, एवढंच. नळाला पाणी नव्हतं, घरातलं आल्यागेल्यांत संपलं होतं, ड्रमसुद्धा. गल्लीतल्या घरांनी आपापल्या हंड्यातलं थोडं थोडं आणून दिलं होतं, ते आईनं तापवलं, नवीन साबण काढला आणि पेटीजवळ येऊन उभी राहिली.

“उघडा की,” ती म्हणाली. “पाणी गार व्हायलंय.”

अधिकाऱ्यानं हात जोडले. पप्पांनी तिचा दंड धरला. भंतेजींनी त्रिशरण म्हटलं, बंदुका झडल्या, भाषणं झाली, आणि सम्यक तसाच गेला. संध्याकाळी घरी आल्यावर आईनं ते तापवलेलं पाणी उचललं आणि स्वतःच्या हातानं गटारात ओतलं.

“लेकरू मळकं गेलं माझं,” एवढंच बोलली.

त्यानंतर ती एका जागी बसेना. पुढच्या दारातून मागच्या दारात, मागच्यातून पुढं. ताटावर बसवलं तर अर्ध्यातून उठायची. “काय हवंय, आई?” म्हटलं की म्हणायची, “काय नाय. काम राह्यलंय.” तिला डॉक्टरकडं नेलं, गोळ्या आणल्या. गोळ्या घेऊनही ती चालतच राहिली. मला रात्री झोप लागेना ती तिच्या चपलांच्या आवाजानं. भाऊ गेला होता आणि आता आईही हळूहळू निघाल्यासारखी वाटत होती. तिला धरून कसं ठेवायचं ते मला कळत नव्हतं.

निळा ड्रम सम्यक गेल्यापासून कोरडाच होता. तो भरायला कुणाचे हात धजावले नाहीत. वर झाकण, झाकणावर वीट.

एका दुपारी मी मागं कपडे वाळत घालत होते. ऊन असं की पत्र्याचं न्हाणीचं दार हात लावू देत नव्हतं. आणि ड्रम खालच्या बाजूनं ओला होता. माठाला पाझर असतो तसं ते नव्हतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसा घाम ड्रमच्या बुडाला सुटला होता. वीट काढून झाकण उचललं. तळाशी वीतभर पाणी होतं. हात घातला आणि झटकन बाहेर काढला. बोटांची हाडं दुखली.

मी आधी शेजाऱ्यांच्या भिंतीवरून कुठला पाईप आलाय का ते पाहिलं. नव्हता. मग वाटलं, आईनंच फ्रिजमधलं ओतलं असेल. पण आमच्या फ्रिजात चार बाटल्या मावतात. आणि दुसऱ्या दिवशी पाणी वाढलेलं होतं.

माझं पोट पाण्यावर चालतं. मी बाटली भरून कारखान्यात नेली. आपल्या शहराच्या पाण्यात किती क्षार असतात ते मला यंत्र न लावता जिभेवर कळतं. या पाण्यात जवळजवळ नव्हतेच. क्लोरीनचा मागमूस नाही. तळाशी करडी रेती बसली, तिच्यात अभ्रकाचे चकचकीत कण होते. करुणा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, तिनं आकडे पाहिले आणि म्हणाली, “हिमाचलला जाऊन आलीस आणि सांगितलं नाहीस गं?”

मी हसले. बसमध्ये मात्र ती बाटली घर येईपर्यंत दोन्ही हातांत धरून बसले.

पप्पांना सांगितलं. ते माझ्यावर चिडले नाहीत, याचंच मला नवल वाटलं. त्यांनी झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली, पट्टीवर सही केली. हे ते बुवांच्या बंद पेट्यांना करायचे. सकाळी पट्टी जशीच्या तशी होती, सही जशीच्या तशी होती आणि ड्रमवरचा घाम चार बोटं वर सरकला होता.

“बाष्पीभवन,” पप्पा म्हणाले.

“बाष्पीभवनानं पाणी कमी होतं, पप्पा.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पन्नास गावांत जे माणूस हजारोंच्या समोर बोललं, ते माझ्या एका वाक्यापुढं गप्प बसलं. मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली. पप्पांना उत्तर येत नाही असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

“आईला कळू देऊ नकोस,” ते म्हणाले.

आई मागच्या दारात उभी होती. “मला पयल्या दिसापासून ठावं हाय,” ती म्हणाली. “तुमच्या आधी. त्याच्या अंघोळीचं पाणी हाय ते. आणायलाय तो. भरू द्या.”

“गोजर, आपण कोण आहोत ते विसरलीस?” पप्पांचा आवाज चढला. “प्रतिज्ञा घेतल्यात आपण. तुझ्या बापानं घेतल्या, माझ्या बापानं घेतल्या. मेलेलं माणूस येत नाही आणि काही आणत नाही.”

“म्या कुठं पिंड पाडायलेय? कावळा बोलावला का म्या? आईनं लेकराला न्हाऊ घालायचं नाय, असं कोणत्या प्रतिज्ञेत हाय ते दाखवा मला.”

पप्पांनी झाकणावरची पट्टी सोलून काढली.

पण एक गोष्ट झाली. आई बसायला लागली. ड्रमशेजारी गोणपाट टाकून ती तासन् तास बसायची, पोटभर जेवायची, मला वेणी घालून द्यायची. घरभरची वणवण थांबली ती त्या ड्रमापाशी. आता मी काय इच्छा करावी? ते पाणी आटावं, म्हणजे आई पुन्हा चालू लागेल. ते भरावं, तर भरल्यावर काय? मी दोन्ही मनांनी रोज झाकण उघडून बघत होते.

गल्लीत बातमी जायला कितीसा वेळ लागतो? भामाबाई समोरच राहतात, एका सकाळी नारळ आणि हळदीकुंकू घेऊन हजर. पप्पांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं, आणि वरून बजावलं की इथं काही नाही, पाईप फुटलाय. आयुष्यभर लोकांना खरं सांगत आलेला माणूस दारात उभा राहून खोटं बोलला. दिवसभर त्यांनी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

त्याच आठवड्यात सुदर्शन आला. गंगापूरकडचाच पोरगा, सम्यकच्या तुकडीतला. सुट्टीवर आला आणि आधी आमच्याकडे आला. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. तो खाली मान घालून बसला होता. त्याला पाणी द्यायला मी उठले, तर आईच उठली आणि तांब्या भरून घेऊन आली. कुठून भरला ते मला तांब्यावरच्या घामावरून कळलं.

त्यानं एक घोट घेतला. तांब्या खाली ठेवला. मग पुन्हा उचलून वास घेतला.

“मावशी, हे कुठून आणलं?”

“तूच सांग,” आई म्हणाली.

तो माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला मागं नेलं, ड्रम दाखवला. त्यानं झाकण उचललं, आत डोकावला आणि दोन पावलं मागं सरला.

“आमच्या नाल्याचं हाय, ताई,” तो हळूच म्हणाला. “चौकीत पाणी संपलं व्हतं त्या दिशी. मध्ये थोडा टाइम तोफा थांबल्या. तो म्हणला, म्या आणतो, मला सवय हाय. क्यान घेऊन उतरला.”

“मग?”

“मग पुन्हा चालू झाल्या.”

“पेटी का उघडू दिली नाही?”

“ते नका विचारू.” त्यानं झाकण पुन्हा लावलं. आईनं जेवायचा लई आग्रह केला, पण तो थांबला नाही. गल्लीच्या टोकापर्यंत तो मागं वळून न बघता, जवळजवळ पळतच गेला.

पप्पा आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते. ते उठले, बागेचा पाईप घेतला, एक टोक ड्रममध्ये टाकलं आणि दुसरं तोंडानं ओढून पाणी पुढच्या रस्त्यावर सोडलं. भर उन्हाळ्यात रस्त्यावर पाणी सोडणं म्हणजे आमच्या गल्लीत खुनापेक्षा मोठा गुन्हा. बायका बादल्या घेऊन धावल्या. “सर, डोकं फिरलं का तुमचं? अगं बाई, बर्फावानी हाय!”

मला वाटलं, आई आता त्यांच्या अंगावर जाईल. ती उंबऱ्यावर बसून राहिली.

“वता,” ती म्हणाली. “तुम्ही वता. त्याचं काय, तो परत खाली उतरंल, परत भरून आणंल. त्याचेच हेलपाटे वाढतील.”

पप्पांच्या हातातला पाईप तसाच राहिला. पाणी त्यांच्या पायांवर पडत होतं. मग त्यांनी पाईपाच्या तोंडाला अंगठा लावला आणि घट्ट दाबून धरला. मी पळत जाऊन ड्रममधलं टोक बाहेर काढलं, तेव्हा कुठं त्यांनी अंगठा सोडला. अंगठा निळा पडला होता.

ड्रम पुन्हा चढत गेला. आम्ही तिघं आपापली कामं करत होतो, पण कान मागच्या अंगणात. मी कारखान्यात चुकीचे आकडे टाकायला लागले. पप्पा वर्तमानपत्र उलटं धरून बसायचे. बाहेर कुणाच्या गाडीचा आवाज आला तरी तिघांची मान एकदम वळायची.

रविवारी दुपारी आई मागून आली, पदराला हात पुसत.

“भरलं,” ती म्हणाली.

पाणी काठोकाठ होतं. एक थेंब टाकला असता तर सांडलं असतं.

तिनं ड्रममधल्या पाण्यानं मोठं पातेलं भरून गॅसवर चढवलं. आधण आल्यावर दोन बादल्यांत विसण घातलं, कोपर बुडवून पाहिलं. कपाटातून साबण काढला. न्हाणीत पाट ठेवला, पाटाशेजारी टाचा घासायची वजरी ठेवली. धुतलेला टॉवेल बाहेर दोरीवर टाकला. हे सगळं ती रोजचं काम असल्यासारखं करत होती.

“तुम्ही दोघं हितंच थांबा,” म्हणाली आणि पत्र्याचं दार ओढून घेतलं.

पप्पा आणि मी अंगणात उभे. वरून ऊन कोसळत होतं.

पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. मग दुसरा.

“मान वर कर,” आतून आई म्हणाली. “डोळे मीट. साबण जाईल.”

मला हुंदका फुटला आणि खरं सांगायचं तर जरा सुटल्यासारखंही वाटलं. आईचं डोकं फिरलंय, एवढंच आहे हे. त्याला डॉक्टर असतात, औषधं असतात. मी पप्पांकडे पाहिलं. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते ऐकत होते.

मग मीही ऐकलं.

नुसत्या फरशीवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा असतो. अंगावरून ओघळून पडणाऱ्या पाण्याचा वेगळा. हा फरक मला तोवर माहीत नव्हता.

न्हाणीच्या मोरीतून पाणी बाहेर येऊ लागलं. करडं. मग काळपट. त्यात रेती होती. ते येतच राहिलं.

“किती मळलंय रे,” आई आत म्हणत होती. “किती मळलंय.”

पप्पांनी खाली बसून मोरीतली रेती बोटांत चोळून पाहिली.

थोड्या वेळानं तांब्याचा आवाज थांबला. आत काहीतरी ओढल्याची, थांबून पुन्हा ओढल्याची खरखर. आई दमल्यासारखी श्वास घेत होती.

“अहो,” तिनं हाक मारली. “या जरा. बूट निघंना. लेस भिजून गच्च बसलीय. माझ्या हातात जोर नाय.”

पप्पांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. त्यांनी दार स्वतःपुरतं उघडलं, आत गेले आणि मागं लावून घेतलं.

मोरीचं पाणी हळूहळू निवळत गेलं.

पप्पा बाहेर आले. त्यांच्या हातात फौजेचा बूट होता, भिजून जड झालेला. त्यांनी तो उलटा करून आतलं पाणी ओतलं, लेस पूर्ण सैल केली, जीभ बाहेर ओढली आणि भिंतीवर उन्हात नीट उभा करून ठेवला.

मी त्यांच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं.

“दुसरा?”

पप्पांनी दोरीवरचा टॉवेल घेतला, खांद्यावर टाकला.

“एकच हाय,” ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.